थंडी पडली की माउंटन बाइक भिंतीलाच लागून राहते, काय करावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माउंटन बाइक चालवायला लागून चार वर्षं झाली, त्यातले गेले दोन हिवाळे वाया गेले. थंडीचे पहिले दोन-तीन आठवडे नेमाने जातो. मग एक रविवार चुकतो, पुढचाही चुकतो, आणि बाइक थेट ऊन तापायला लागल्यावरच बाहेर निघते. मागच्या खेपेला पहिल्याच दिवशी नेहमीच्या चढावर दोनदा उतरावं लागलं. थंडी सुरू व्हायच्या आधी तोच चढ मी एका दमात चढत होतो. फार जिवाला लागलं ते, कारण तिथवर पोचायला मला अख्खं वर्ष लागलं होतं.

कामावरून येईस्तोवर अंधार पडतो. घरातच बाइक एका जागी बसवून चालवायचा ट्रेनर आणून पाहिला, पण वीस मिनिटांच्या वर मन टिकत नाही. कपडे आहेत, लाइट आहे, वेळही काढता येतो, तरी जाणं होत नाही. तुम्ही हिवाळाभर चालवता ते कसं जमवता? आणि थंडीसाठी बाइकमध्ये काही बदल करावे लागतात का?

प्रतिसाद १

ट्रेनरवर वीस मिनिटं टिकत असाल तर वीसच मिनिटं करा, पण त्यात जीव ओता. अंग गरम झालं की ३० सेकंद पूर्ण जोर, दीड मिनिट हलकं, असं सहा वेळा. किलोमीटर घटले तरी चालतात. जोरच बंद झाला की दम दोन-चार आठवड्यांतच उतरायला लागतो. आणि एखादा जोडीदार गाठा. कोणीतरी अंधारात आपली वाट बघत उभं आहे हे माहीत असलं की अंथरूण सुटतं.

प्रतिसाद २

मी सलग अकरा हिवाळे चालवते आहे. माझा अनुभव सांगते: राईड चुकते ती सकाळी अंथरुणात, असं वाटतं खरं, पण ती आधीच्या राईडहून घरी आल्या आल्याच चुकलेली असते. कुडकुडत येतो, चिखलाची बाइक तशीच भिंतीला लावतो, ओले बूट दारात, हातमोजे पिशवीत. चार दिवसांनी निघावं म्हटलं तर बूट अजून दमट, चेनवर तांबूस गंज, लाइट संपलेला. तेव्हा कोणाचंही मन माघार घेईल. त्याला आळस म्हणू नका.

म्हणून आल्यावरची वीस मिनिटं बाइकची. आधी घामेजलेले कपडे बदलायचे, नाहीतर तेवढ्यात थंडी भरते. मग बादलीभर कोमट पाणी आणि ब्रश. जोराचा फवारा मारू नका, तो बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो. चेन फडक्याने कोरडी करून लगेच वेट ल्यूब (ओल्यात टिकणारं चेनचं तेल), प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकत असतील तर हे काम उद्यावर ढकलूच नका. बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते बदलायचे. हीटरला चिकटवून ठेवले तर सोल सुटतो.

लाइटचं जरा सविस्तर सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात उणे ६ अंशांत माझा लाइट जंगलात मधेच गेला. निघताना पूर्ण चार्ज होता. बॅटरी फ्रेमवर उघडी बांधलेली होती, थंडीने तिची ताकद खाल्ली. चार किलोमीटर बाइक ढकलत आले, बोटं इतकी बधिर की कुलूप उघडेना. तेव्हापासून जादा बॅटरी छातीजवळच्या खिशात असते आणि लाइट दोन असतात. हँडलबारवरचा उजेड तिरका पडतो, त्यामुळे दगडा-मुळांच्या सावल्या दिसतात आणि खोली कळते. हेल्मेटवरचा वळणाच्या आत बघायला. नुसत्या हेल्मेटच्या लाइटवर अख्खी वाट सपाट दिसते, आणि तिथेच माणूस पडतो. घरी आल्यावर बॅटरी खोलीत मुरू द्या, मग चार्ज करा. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होते.

बाइकमध्ये बदल थोडेच. हवा घरात भरून तसेच निघू नका. २० अंशांच्या खोलीत २५ पीएसआय भरलेला टायर शून्य अंशात साधारण २२ वर येतो. बाइक थोडा वेळ बाहेर ठेवून मग मोजा. एअर फोर्कचंही (पुढच्या चाकाचा हवेवर चालणारा सस्पेन्शन) तेच, शिवाय आतलं तेल घट्ट होतं आणि रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, मंदावतो. मी त्याची घुंडी दोन क्लिक उघडते. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट असतील तर हिवाळ्यापुरते फ्लॅट पेडल लावून बघा, तळव्यातून चढणारी थंडी कमी होते आणि जाड मोज्यांना जागा देणारा सैल बूट घालता येतो. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही, मग मोजे कितीही घाला.

कपड्यांत सुती काहीही अंगाला लागून नको. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर पहिल्या चढावर घामाने भिजाल आणि उतारावर गारठाल.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो, कारण मी ट्रेलच्या दुरुस्तीला फावडं घेऊन जातो आणि हिवाळ्यातलं नुकसान डोळ्यांनी बघतो. रात्री शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर, असे दिवस आले की वरचा थर वितळतो, खालची जमीन गोठलेलीच राहते. पाण्याला खाली जायला वाट नसते, म्हणून वर लापशीसारखा चिखल होतो. त्यात टायरची चरी पडते, रात्री ती गोठून घट्ट होते, पुढे पाणी त्याच चरीतून वाहून माती नेतं. अशा दिवसांत पहाटे जमीन कडक असताना जा आणि वितळायच्या आत परता. नाहीच जमलं तर ट्रेलवर जाऊ नका. तो रविवार चुकला असं मनाला लावून घेऊ नका. मोकळ्या फरसबंद जागेवर अर्धा तास ट्रॅकस्टँड (पाय न टेकता बाइक जागेवर तोलणं) आणि बनी हॉप (बाइकसकट उडी) करा. माझा तोल अशाच दिवसांत सुधारला.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून उठलो आणि बूट बघितले. नऊ दिवसांपूर्वीची राईड, आतून अजून ओले. चेनवरही अगदी तुम्ही लिहिलात तसा तांबूस रंग. आज बाइक धुतली, ल्यूब घातलं, बोळे दोनदा बदलले, कपडे दाराशी काढून ठेवले. उद्या पहाटे उणे ३ दाखवतंय, म्हणजे जमीन कडक असेल. जोडीदार साडेसहाला फाट्यावर येतोय. पंप सोबत घेतलाय, हवा तिथेच मोजेन.