मालगुजारी वाडा पाडू नये
गावातील मालगुजारी वाडा, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा वाडा, पाडून विद्यापीठाच्या उपकेंद्रासाठी सिमेंटची इमारत बांधावी, हे आपले मत मला पटत नाही. कोलकात्यातील जोडासाँकोची ठाकूरवाडी, म्हणजे टागोर घराण्याचा जुना वाडा, जिथे रवींद्रनाथ १८६१ मध्ये जन्मले आणि १९४१ मध्ये निवर्तले, तिथेच १९६२ मध्ये रवींद्र भारती विद्यापीठ उभे राहिले. वाड्याच्या जाड मातीच्या भिंती वैशाखातही गारवा धरून ठेवतात, हे आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. मात्र त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते, म्हणून गिलावा चुन्याचाच हवा. ग्रंथालय माडीवर नेऊ नये, कारण त्या सागवानी तुळया घरच्या वावरासाठी घातलेल्या आहेत, पुस्तकांच्या भारासाठी नव्हे. कपाटे खाली, ओसरीलगतच्या खोल्यांत ठेवावीत.