गौताळ्यात धबधब्यापलीकडे
'पावसाळ्यात धबधबा पाहायचा आणि कन्नडला येऊन जेवायचं, गौताळ्यात दुसरं आहे काय' हे गौताळा अभयारण्याबद्दल या धाग्यात वर कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. इथल्या औट्रम घाटाला ज्या साहेबाचं नाव आहे त्याला वर इंजिनिअर म्हटलंय, तेही नाही हो. जेम्स औट्रम लष्करातला माणूस, १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती त्याने. पण साहेब तर कालचा! इथलीच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी जवळपास दोन हजार वर्षं जुनी, आणि या धाग्यात त्यांचं नावसुद्धा नाही.

माथ्यावरून पायऱ्यांनी दरीत उतरलं की चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, लागतं. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दानाचे लेख आहेत, त्यात एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याच्या घराण्याने दिलेला. म्हणजे आपल्या पैठणचा व्यापारी इथवर पैसा लावत होता! शेजारच्या विहाराच्या (भिक्खूंच्या निवासाच्या) जोत्यावर हत्तींची रांग कोरलीय, तिथे जरा थांबाच. दगड ठिसूळ असल्याने बराच दर्शनी भाग कोसळलाय, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला 'एवढंच?' वाटू शकतं. इथला हसरा, ठेंगणा यक्ष तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बसलाय. तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव त्याच्या हातावरच कोरलेलं आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या नादात हे सगळं मागे पडतं. पावसात पायऱ्या शेवाळतात, चपला घालून उतरू नका.