सोसायटीचा झेंडा खादीचाच हवा का?

सूतकताई: १५ ऑगस्ट तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर झेंड्याचा विषय निघतो आणि स्वस्त म्हणून पॉलिस्टरचा ठरतो. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, त्यामुळे पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापड दोन्ही चालतं. नियमाबद्दल वादच नाही. पण जिथे कायमचा ध्वजस्तंभ आहे, तिथे झेंडा खादीचाच असावा असं माझं ठाम मत आहे. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती झेंडे तयार करते, हुबळीला बेंगेरीत कर्नाटकची संस्था करते. सूत हाताने कातायचं, हातमागावर विणायचं, तीन रंगांचं कापड वेगळं रंगवायचं, पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी चक्र छापायचं, मग पट्टे जोडायचे. एवढ्या हातांचं काम आपण दोनशे-चारशे रुपयांसाठी घालवायचं?

मुठाकाठ: भावना पटते, निष्कर्ष पटत नाही. ऑगस्टमधल्या पुण्याच्या पावसात खादी पाणी पिते, जड होते आणि फडकायची सोडून खांबाला चिकटते. वारा आला की ओल्या कापडाचा सगळा हिसका मोकळ्या कडेवर बसतो, तिथली दुमड आधी उसवते. रंग कच्चा असेल तर केशरी पांढऱ्यात उतरतो. पॉलिस्टर झटकलं की वाळतं. शिवाय २२ जुलै १९४७ चा संविधान सभेचा ठराव वाचा. रंग आहेत, चक्र आहे, ३:२ हे प्रमाण आहे. कापडाचा उल्लेखच नाही.

खरी हेळसांड मापात होते. ९०० × ६०० मिमीच्या झेंड्यात प्रत्येक पट्टा २०० मिमी आणि चक्राचा व्यास १८५ मिमी हवा. १३५० × ९०० मध्ये पट्टा ३००, चक्र २८०. बाजारातल्या कित्येक झेंड्यांत चक्र पट्ट्याच्या निम्मंच असतं, किंवा छापताना कापड ताणलं गेल्याने अंडाकृती होतं. आरे मोजायची सोपी रीत: उभा आणि आडवा आरा धरा, त्यांच्या मधल्या पाव भागात पाच आरे दिसले पाहिजेत. तरच एकूण २४ भरतात. आधी हे बघा, मग कापडावर भांडू.

नारायणपेठी: मुठाकाठ यांच्या बाजूने एक भर. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला स्टुटगार्टमध्ये फडकवलेला झेंडा आपल्याच केसरीवाड्यात आहे. इंदुलाल याज्ञिकांनी तो लपवून भारतात आणला. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल. वर आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खाली सूर्य-चंद्र. खादीची चळवळ तेव्हा उभीही राहिली नव्हती. त्या झेंड्याची थोरवी कापडावर ठरत नाही. नारायण पेठेत राहून तो न पाहिलेली माणसं आहेत याचं वाईट वाटतं.

सूतकताई: ठराव पुरता वाचा. चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरचं घ्यायचं, पण ते चरख्याचं प्रतीक म्हणून, असं त्यातच लिहिलंय. आधीच्या झेंड्यावरचा चरखा काढला तो नकोसा झाला म्हणून नाही. त्याच्या एका टोकाला चाक, दुसऱ्याला चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसायचं. नेहरूंनी सभेत हेच कारण दिलं. म्हणून चाक तेवढं ठेवलं. चरख्याचं चाक मिरवायचं आणि चरख्याचं सूत नको, हे मला पचत नाही.

रंग उतरण्यावर उपाय आहे. घेतानाच पांढरा सुती फडका ओला करून केशरी पट्ट्यावर चोळा. फडक्याला रंग लागला तर तो झेंडा परत करा. पाऊस थांबला की झेंडा उतरवून, घडी न घालता सावलीत पसरा. आणि मोकळ्या कडेला दुहेरी शिवण मारून घ्या.

एक गोष्ट तुम्ही दोघांनी सोडली. झेंडा फाटला की ध्वजसंहितेनुसार तो एकांतात, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करायचा असतो. खादीची राख होते. पॉलिस्टर वितळतं, थेंब गळतात, काळा धूर होतो आणि तळाशी कडक गोळा उरतो.

मुठाकाठ: जाळण्याचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण जुलै २०२२ पासून नागरिकांना रात्रीही झेंडा फडकत ठेवता येतो, आणि सोसायट्या तो लावून विसरतात. रात्रभर भिजणाऱ्या खादीकडे पहाटे कोण बघणार? वॉचमन? एक माणूस नेमला असेल तर खादी घ्या. नसेल तर मापात बसणारं, मागूनही चक्र ठळक दिसणारं पॉलिस्टर घ्या आणि संध्याकाळी उतरवा.

सूतकताई: उतरवायला माणूस लागणारच असेल, तर तोच माणूस खादीही वाळत घालेल.