कोकणातील चिऱ्याच्या घरात परवान्याच्या बंदुकांसाठी कुलूपबंद खोली करायची आहे

चिरेबंदी
नमस्कार. चिपळूण तालुक्यात आमचे आजोबांनी बांधलेले घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या. वर मंगलोरी कौले आणि खाली लाकडी तक्तपोशी. घरात दोन बंदुका आहेत. वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी आहे आणि माझ्या नावावर शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. दोन्ही परवाने चालू आहेत. दुनळी आजवर चामड्याच्या म्यानात घालून वडिलांच्या खोलीतील कपाटात ठेवली जाते, तर ठासणीची बंदूक आजोबांच्या काळापासून माजघरातील खुंट्यांवर आडवी टांगलेली असते.

गेल्या गणपतीत घरी पंचवीस माणसे होती आणि त्यांत सात मुले दहा वर्षांखालची होती. आरती चालू असताना माझा पुतण्या स्टुलावर चढून खुंटीकडे हात नेत असल्याचे मी पाहिले. बंदूक रिकामी होती, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. माजघराला लागून आठ फूट बाय सहा फुटांची जुनी कोठीची खोली आहे. तिला खिडकी नाही. तिचेच बंदुकांसाठी सुरक्षित खोलीत रूपांतर करावे, पोलादी दरवाजा बसवावा आणि वर स्लॅब टाकावा, असा विचार आहे. शिवाय पावसाळ्यात आम्ही दीड-दोन महिने मुंबईला मुलीकडे राहतो आणि तेव्हा घर बंद असते. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

रानवाट
आपण वेळीच विचार केलात हे फार चांगले झाले. मी बांधकामाच्या बाजूने लिहितो.

स्लॅबचा विचार आधी थांबवा. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या जुन्या भिंतींवर काँक्रीटच्या स्लॅबचा भार टाकणे धोक्याचे आहे. संरचना अभियंत्याने भिंत आणि पाया तपासल्याशिवाय कोणत्याही गवंड्याच्या शब्दावर ते करू नये. परंतु वरची बाजू उघडी ठेवूनही चालणार नाही, कारण कौलारू घरात चोर दरवाजा फोडत बसत नाही. तो चार कौले बाजूला करून माळ्यावर उतरतो आणि तक्तपोशीच्या दोन फळ्या उचकटून खोलीत येतो. आपण दरवाज्यावर लाखभर रुपये घातलेत आणि छत तसेच राहिले, तर ते पैसे वाया गेले असे समजा. तक्तपोशीच्या खाली १२ मिलिमीटरच्या सळयांची, चार-चार इंचांवर जोडलेली जाळी पोलादी अँगलच्या चौकटीत बसवावी आणि त्या चौकटीचे पाय भिंतीला लागून थेट जमिनीपर्यंत आणावेत, म्हणजे तिचा भार भिंतीवर येणार नाही.

दरवाज्याच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आल्या, तर बिजागरीच्या कडेला आत सरकणारे पक्के खुंटे हवेत. नाहीतर बिजागरी कापून दार कुलपासकट बाजूला काढता येते.

तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की दोन बंदुकांसाठी खोलीपेक्षा तिजोरी महत्त्वाची. खोली ही तिजोरीभोवतीचे दुसरे कवच असावी. साधे कपड्यांचे पोलादी कपाट पातळ पत्र्याचे असते आणि पहारीने काही मिनिटांत उघडते. निदान तीन मिलिमीटर जाड पत्र्याची, दाराच्या किमान तीन बाजूंनी खटके बाहेर येणारी, आत काडतुसांसाठी वेगळा कुलपाचा कप्पा असलेली उभी तिजोरी घ्या.

ती जमिनीला जखडणे अत्यावश्यक आहे, आणि येथेच कोकणात हमखास चूक होते. जांभा सच्छिद्र असतो. त्यात एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून धरणारा) आवळला की दगड आतून चुरतो. बोल्ट वरून घट्ट वाटतो आणि पहारीच्या पहिल्या हिसक्याला बाहेर येतो. म्हणून कोठीची जमीन खणून सहा इंच जाडीचा सळया घातलेला काँक्रीटचा चौथरा करा, त्यात चार फाउंडेशन बोल्ट ओततानाच सोडा, आणि तिजोरी त्यांवर बसवून नट आतून आवळा.

बोटांच्या ठशांवर उघडणारे कुलूप टाळा, असे मी सुचवेन. शेतीत काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, आणि दमट हवेत त्या यंत्राच्या बॅटऱ्या गंजतात. यांत्रिक कुलूप बरे.

सनदधारक
बांधकामाबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी कायद्याच्या दोन बाबींकडे लक्ष वेधतो, कारण प्रश्नकर्त्यांच्या योजनेत एक अडचण दडलेली आहे.

दोन बंदुका दोन वेगळ्या परवान्यांवर आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नाही. ताबा म्हणजे शस्त्र प्रत्यक्ष हातात असणे एवढेच नव्हे. ते आपल्या नियंत्रणात असल्याची जाणीव आणि प्रत्यक्ष नियंत्रण असले तरी तो ताबा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधील गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे एकाच तिजोरीची एकच किल्ली वडील, आपण, आपल्या पत्नी अशा तिघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवणे योग्य नाही. तूर्त तिजोरीत दोन स्वतंत्र कुलपांचे कप्पे करून घ्यावेत आणि ज्याचा परवाना त्याचीच किल्ली, हा नियम घरात पाळावा. दुसरी किल्ली साड्यांच्या घडीखाली किंवा देवघरात नको. ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

कायमचा मार्गही आहे. परवानाधारकाचे वय ७० वर्षे पूर्ण झाले असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर त्याच्या हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे होण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. वडील या अटीत बसत असतील आणि त्यांची इच्छा असेल, तर दुनळी आपल्या नावावर करून घेण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते. आपल्या दोनच होतील, म्हणजे अडचण नाही. पुढे तिसरी घेता येणार नाही एवढेच, आणि त्यामुळे मोठी खोली बांधण्याचे कारणही उरत नाही.

घर दीड-दोन महिने बंद ठेवताना मात्र कितीही पक्की तिजोरी असली तरी बंदुका मागे ठेवू नका. ज्यांच्या परवान्यात शस्त्रे सुरक्षित ठेवण्याची मुभा आहे अशा शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात त्या जमा करता येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपण कदाचित जमा केल्याही असतील, पद्धत तशीच. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर उतरला आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहावे.

जुना_परवाना
मी गेली चाळीस वर्षे परवानाधारक आहे आणि समुद्रापासून चार किलोमीटरवर राहतो. चोरापेक्षा ओलाव्याने माझे नुकसान अधिक केले आहे, म्हणून तेवढ्याविषयीच लिहितो.

दुनळी चामड्याच्या म्यानातून आजच बाहेर काढा. चामडे आणि लोकरी अस्तर हवेतील ओल धरून ठेवते. माझ्या वडिलांची बंदूक मी एका पावसाळ्यात प्रेमाने म्यानात घालून ठेवली होती. दसऱ्याला पूजेसाठी काढली तेव्हा नळीवर बोटभर लांबीचे गंजाचे डाग होते. घासून ते निघाले, खड्डे राहिले. आजही हात फिरवला की ते बोटाला लागतात.

बिनखिडकीची कोठी चोरापासून सुरक्षित असली तरी पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल सोडत राहते. भिंत आणि तिजोरी यांच्यात निदान चार बोटे अंतर ठेवा. आत एक साधे आर्द्रतामापक ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा. फार कोरडे झाले तर लाकडी दस्त्याला चिरा जातात. सिलिका जेलची पाकिटे स्वस्त असतात, पण त्यांचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करावी लागतात, आणि हे काम आषाढ-श्रावणात दर आठवड्याला करावे लागते. नळीला तेलाचा पातळ हात पुरतो. तेल जास्त झाले तर ते ओघळून दस्त्यात मुरते, म्हणून तेल दिल्यावर काही दिवस बंदूक नळी खाली करून उभी ठेवावी.

आता ठासणीच्या बंदुकीबद्दल, आणि हे कृपया गांभीर्याने घ्यावे. रानडुकरांच्या राखणीहून पहाटे परतल्यावर ठासलेला बार काढणे कंटाळवाणे असल्यामुळे अनेक जण ती तशीच टांगून ठेवतात. बाहेरून पाहून ती भरलेली आहे की रिकामी, हे कळत नाही. बंदूक निश्चित रिकामी असताना गज (बार ठासण्याची सळई) नळीत तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढे दर वेळी तिजोरीत ठेवण्यापूर्वी गज घालून पाहा. खूण वर राहिली तर आत बार आहे.

बंदुकीची दारू मात्र तिजोरीत ठेवू नका. बंदिस्त पोलादी पेटीत दारू पेटली तर दाब कोंडून स्फोट होतो. ती परवान्यातील मर्यादेइतकीच, लाकडी पेटीत, कुलूप लावून, चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवावी, आणि केप (बार पेटवणारी छोटी टोपी) तिसऱ्याच जागी.

चिरेबंदी
आपणा तिघांचे मनापासून आभार. काल वडिलांशी बोललो. ते ८१ वर्षांचे आहेत आणि दुनळी त्यांच्याकडे १९८४ पासून आहे. नाव बदलण्याचा विषय काढताना मला संकोच वाटत होता, कारण ती त्यांच्या उमेदीच्या दिवसांची वस्तू आहे. त्यांनी थोडा वेळ काही उत्तर दिले नाही, मग स्वतः उठून म्यान काढून दिले. नळीच्या खालच्या अंगाला गंज धरलेला आहे.

स्लॅब रद्द केला आहे. चौथरा आणि वरची जाळी दिवाळीनंतर करू. तोवर दोन्ही बंदुका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणार आहे. एकच शंका उरली आहे: चौथऱ्यासाठी खणताना जुन्या भिंतीच्या पायाला धक्का लागेल का?

रानवाट
भिंतीपासून निदान एक फूट सोडून खणा आणि खोली नऊ इंचांपुढे नेऊ नका. खाली तीन इंच खडीचा थर आणि वर सहा इंच काँक्रीट एवढे त्यात बसते. खणताना भिंतीतील माती ओघळू लागली तर काम तिथेच थांबवून अभियंत्याला बोलवा. आणि एक विनंती: बोल्ट ओतण्यापूर्वी तिजोरी आणून तिच्या तळाची भोके पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, कारण ओतलेला बोल्ट अर्धा इंच जरी सरकला असेल तरी तिजोरी त्यावर बसत नाही.