हायड्रा बेट: एक दिवस पुरेल का, आणि दर्यावर्दी इतिहास नेमका कुठे पाहावा?

नाळ_ते_वरामा यांचा प्रश्न

नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-वडिलांना घेऊन ग्रीसला जाण्याचे ठरत आहे. वडील व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता होते. पिरेयस बंदरात ते अनेकदा उतरले, परंतु तिथून जवळच असलेली बेटे पाहण्याची सवड त्यांना कधी मिळाली नाही. त्यामुळे सँटोरिनीची गर्दी टाळून, जिथे जहाजे आणि खलाशी हाच इतिहास आहे असे एखादे लहान बेट त्यांना दाखवावे, अशी इच्छा आहे. हायड्राचे नाव सर्वत्र दिसते. ईजिना, पोरोस आणि हायड्रा ही तीन बेटे एका दिवसात दाखवणाऱ्या सहली अथेन्सहून निघतात. अशी सहल घ्यावी की हायड्राला मुक्काम करावा? आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घेऊन सांगावे.

खारावारा यांचे उत्तर

तीन बेटांची सहल आपल्या हेतूसाठी निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हायड्राच्या वाट्याला तीत जेमतेम दीड-दोन तास येतात, आणि तेवढ्या वेळात धक्क्यावर कॉफी पिऊन छायाचित्रे काढण्यापलीकडे काही होत नाही. पिरेयसहून जलद बोट सुमारे दोन तासांत पोहोचवते. तेव्हा स्वतंत्र तिकीट काढून किमान एक रात्र राहावे.

बंदरात शिरताना दोन्ही बाजूंना तोफा दिसतील आणि समोर अर्धवर्तुळात, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली दगडी घरे. हे बेट म्हणजे जवळजवळ नुसता खडक आहे. शेतीला जमीन नाही आणि गोडे पाणीही अपुरे, म्हणून लोक समुद्राकडे वळले. १७७४ च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर ग्रीक जहाजांना रशियन निशाणाखाली व्यापार करणे सोपे झाले. पुढे नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून काळ्या समुद्राकडचे धान्य भूमध्य समुद्रातील बंदरांत पोहोचवताना इथल्या जहाजमालकांनी अमाप पैसा मिळवला, आणि तो पैसा या वाड्यांच्या भिंतींत आजही उभा आहे. वाडे बाहेरून साधे, गढीसारखे भक्कम. तळघरात पावसाचे पाणी साठवण्याची टाकी.

धक्क्याच्या पूर्व टोकाला ऐतिहासिक अभिलेखागार आणि संग्रहालय आहे. वडिलांना तिथे निवांत वेळ द्यावा. जहाजांच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) कोरीव लाकडी मूर्ती, जुन्या गलबतांची चित्रे, शस्त्रे असा ऐवज तिथे आहे आणि तिथवर जायला चढ नाही. लाझारोस कुंदुरिओतिस या जहाजमालकाचा पिवळसर वाडा मात्र पश्चिमेकडच्या उतारावर, बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर लागतो. आईंना तो खालूनच दाखवावा. बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे आणि सामान खेचरांवर जाते (माथेरानची आठवण येईल), त्यामुळे खोली घेताना धक्क्यापासून किती पायऱ्या चढाव्या लागतील हे घरमालकास आधीच लेखी विचारावे. संकेतस्थळांवर ‘बंदराजवळ’ या शब्दाचा अर्थ फार सैल असतो.

गुडघाभर_पाणी यांचे उत्तर

वरील माहिती योग्य आहे, परंतु आपली आई सोबत आहे आणि वडील अभियंता आहेत, या दोन्ही कारणांनी मी हायड्राऐवजी स्पेत्सेस हे बेट सुचवेन. त्याच मार्गावरच्या बोटी पुढे तिथे जातात. गाव बरेचसे सपाट आहे आणि घोडागाडीही मिळते.

मुख्य आकर्षण आहे ते बाल्तिझा या जुन्या बंदराचे. लाकडी बोटी बांधण्याची व दुरुस्त करण्याची कामे तिथे अजूनही चालतात. हायड्राला जहाजांचा इतिहास काचेच्या पेटीत दिसतो, तर इथे तो रंधा आणि डांबराच्या वासासह दिसतो. शिवाय बुबुलिनाचे घर संग्रहालय म्हणून खुले आहे. १७७१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात जन्मलेली ही दोनदा विधवा झालेली जहाजमालकीण तुर्की सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ‘अगामेम्नॉन’ हे स्वतःचे जहाज घेऊन उतरली आणि १८२५ मध्ये घरगुती भांडणात गोळी लागून मरण पावली. तिच्या अस्थी हाजीयानिस मेक्सिस यांच्या वाड्यातील संग्रहालयात आहेत.

आपल्या तारखाही जुळतात. १८२२ च्या सागरी लढाईच्या स्मरणार्थ ८ सप्टेंबरच्या सुमारास ‘आर्माता’ उत्सव होतो आणि तुर्की जहाजाची प्रतिकृती समुद्रात पेटवली जाते. त्या शनिवार-रविवारी खोल्या मिळणे कठीण असते, त्यामुळे आरक्षण फार आधी करावे.

जुने_दप्तर यांचे उत्तर

दोन्ही बेटे एकाच सहलीत होऊ शकतात. त्यांच्यामधला बोटीचा प्रवास तासाभरापेक्षा कमी आहे. परंतु हायड्रा वगळू नये, आणि त्याचे कारण आन्द्रेयास मियाउलिस.

आपल्या वडिलांना पिरेयसचा ‘आक्ती मियाउली’ हा जहाज कंपन्यांच्या कार्यालयांचा रस्ता नक्की आठवत असेल. तो याच हायड्राच्या दर्यासारंगाच्या नावाचा आहे. स्वातंत्र्ययुद्धात ग्रीकांची जहाजे मुळात व्यापारी होती आणि समोर तुर्की सुलतानाची अवाढव्य लढाऊ जहाजे होती. म्हणून त्यांनी अग्निनौकांचा आधार घेतला: जुने जहाज ज्वालाग्राही मालाने भरायचे, वाऱ्याचा अंदाज घेऊन शत्रूच्या जहाजाला भिडवायचे, पेटवायचे आणि मागे बांधलेल्या होडीतून निसटायचे. हायड्राला जूनच्या अखेरीस होणाऱ्या मियाउलिया उत्सवात हेच दृश्य उभे करतात.

उत्सवात न दिसणारा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हायड्राच्या मालकांनी युद्धात जहाजे आणि संपत्ती ओतली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा नव्या ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांच्या सरकारशी त्यांचे बिनसले. १८३१ मध्ये मियाउलिस यांनी पोरोसला उभे असलेले राष्ट्रीय आरमार ताब्यात घेतले आणि ते सरकारच्या हाती जाऊ नये म्हणून ‘हेलास’ ही न्यूयॉर्कला बांधलेली, त्यांनी स्वतः जिचे नेतृत्व केले होते ती युद्धनौका उडवून दिली. त्यांचे हृदय चांदीच्या पात्रात हायड्राच्या संग्रहालयात जपलेले आहे. हे ठाऊक असल्यावर ते पात्र पाहणे वेगळे ठरते.

पुढे वाफेची जहाजे आली, व्यापार सिरोस बेट आणि पिरेयसकडे गेला, आणि हायड्राचे लोक समुद्रातून स्पंज काढू लागले. आज तिथे सुमारे २००० लोक राहतात.

नाळ_ते_वरामा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रात्री स्पेत्सेस आणि परतताना एक रात्र हायड्रा, असे ठरवत आहोत. बाल्तिझाच्या कामाच्या जागेत पर्यटकांना आत जाऊ देतात का?

गुडघाभर_पाणी

ते संग्रहालय नव्हे, लोकांच्या रोजीरोटीची जागा आहे. त्यामुळे हक्काने आत शिरू नये. परंतु धक्क्यावरून चालताना बरेच काही दिसते, आणि वडिलांनी आपण जहाजावर अभियंता होतो असे सांगून नम्रपणे विचारले, तर गप्पा रंगण्याची शक्यता दाट आहे. कामाच्या दिवशी सकाळी जावे. आणि परतीचे विमान बोटीच्याच दिवशी ठेवू नये. वारा वाढला की बोटी रद्द होतात.