तीव्र स्थूलता : शस्त्रक्रिया करावी की जीवनशैली बदलून पाहावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझे थोरले बंधू एक्केचाळीस वर्षांचे आहेत. वजन १२८ किलो, उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४४ च्या वर जातो. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावावे लागते आणि गुडघ्यांमुळे जिना चढणेही जिवावर येते. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांनी पूर्वी बरेच वजन उतरवले होते, परंतु ते पुन्हा चढले. आता डॉक्टरांनी बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर करायची शस्त्रक्रिया सुचवली आहे. वडिलांचे म्हणणे असे की, जिभेवर ताबा ठेवला तर चांगले पोट कापून घेण्याची वेळच येणार नाही. दीर्घकाळाचा विचार करता या दोन मार्गांत नेमका किती फरक पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शल्यकार

मी स्वतः या शस्त्रक्रिया करतो. त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाचावे.

दीर्घकालीन तुलनेसाठी स्वीडनमधील १९८७ मध्ये सुरू झालेला एसओएस (स्वीडिश स्थूल रुग्ण) हा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि नेहमीचे उपचार घेणारे तितकेच रुग्ण होते. दहा वर्षांनंतर गॅस्ट्रिक बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडणे) झालेल्यांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्के कमी होते, तर दुसऱ्या गटाचे वजन दोनेक टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. आपल्या बंधूंच्या बाबतीत २५ टक्के म्हणजे ३२ किलो. याचा अर्थ ते ९६ किलोंवर येतील आणि तक्त्याप्रमाणे तेव्हाही स्थूलच गणले जातील. जाहिरातींतील छायाचित्रे पाहून सडपातळ होण्याची अपेक्षा धरणाऱ्यांना मी हा हिशेब आधीच मांडून दाखवतो. खरा लाभ मधुमेह, श्वास आणि आयुर्मान यांत आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी सुमारे तीन वर्षे अधिक जगले.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल एवढेच सांगेन की, वजन उतरले की शरीर ते परत मिळवण्याच्या मागे लागते. भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, विश्रांतीच्या काळात खर्च होणारी ऊर्जा घटते आणि हे वर्षानुवर्षे टिकते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढला जातो व त्यासोबत घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक तयार करणारा बराचसा भागही जातो. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते आणि तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. ज्याला चोवीस तास भूक सतावते, त्याला जिभेवर ताबा ठेवायला सांगणे सोपे आहे, पाळणे नाही.

धोकेही सांगितले पाहिजेत. अमेरिकेतील २००९ च्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायांतील शिरांत गुठळ्या या गुंतागुंती विरळ असल्या तरी गंभीर असतात. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. बंधूंना छातीत जळजळ आणि आंबट ढेकरांचा त्रास असेल, तर स्लीव्हनंतर तो वाढण्याची शक्यता असते. म्हणून दुर्बिणीने जठराची तपासणी करून मगच शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवावा.

सहधर्मिणी

माझ्या यजमानांचा बायपास झाला, त्यानंतरच्या घरातल्या दिवसांबद्दल कुणी फारसे सांगत नाही म्हणून लिहिते. सुरुवातीला पाणीसुद्धा खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने थोडे थोडे द्यावे लागे. जेवताना पाणी प्यायचे नाही, नंतरही अर्धा तास थांबायचे. मऊ भात, डाळीचे घट्ट वरण, पनीर चालते. कोरडी चपाती मात्र अजूनही छातीत अडकल्यासारखी होते. लग्नाच्या पंक्तीत आग्रहाने वाढलेल्या जिलब्या खाल्ल्या आणि थोड्याच वेळात छातीत धडधड व दरदरून घाम सुटून त्यांना आडवे व्हावे लागले. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या आहेत. त्यात टाळाटाळ झाली की हातापायांना मुंग्या येतात. एवढे असूनही त्यांचे इन्सुलिन सुटले आहे, हेही नमूद करते.

मिताहार

मी आहारतज्ज्ञ आहे. शल्यकार यांनी दिलेल्या आकड्यांशी माझा वाद नाही, परंतु जीवनशैलीचा मार्ग निष्फळ ठरल्याची जी छाप त्यातून पडते, तिला हरकत आहे. एसओएसमधील दुसऱ्या गटाला मिळालेले उपचार म्हणजे त्या काळचे दवाखान्यातील नेहमीचे उपचार होते. काहींना तर तेही मिळाले नव्हते. अमेरिकेतील लुक अहेड या चाचणीत पाच हजारांहून अधिक मधुमेही रुग्ण होते. त्यातील निम्म्यांना आहार व व्यायामाचे सघन मार्गदर्शन मिळाले, आणि त्यांचे वजन पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के उतरले व शेवटी ६ टक्के उतरलेले राहिले. त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे खरे. मात्र साखर, झोपेतील श्वास आणि हालचालींची क्षमता यांत सुधारणा झाली. अर्थात, त्या रुग्णांचा सरासरी बीएमआय ३६ च्या आसपास होता. ४४ असलेल्या आणि एकदा वजन उतरवून पुन्हा चढलेल्या माणसाला केवळ आहारावर ठेवण्याचा सल्ला मीही देणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचा आभारी आहे. दोन शंका उरतात. आरोग्य विम्यातून हा खर्च मिळतो का? आणि हल्ली ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, ती आधी घेऊन पाहावीत का?

शल्यकार

विमा नियामकाच्या निकषांनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासारखा (झोपेत श्वास अडकण्याचा) आजार असल्यास ही शस्त्रक्रिया केवळ 'स्थूलतेवरील उपचार' म्हणून नाकारता येत नाही. तरीही पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ वाचावा आणि आधीच्या आहारोपचाराचे कागद जपून ठेवावेत, कारण ते बहुधा मागितले जातात.

त्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड भारतात २०२५ पासून मिळते. मधुमेहींवरील चाचणीत सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी १४.७ टक्के वजन उतरले. औषध थांबवले की वजन पुन्हा चढू लागते, म्हणून त्याचा महिन्याचा खर्च अनेक वर्षे झेपेल का, ते आधी पाहावे. शस्त्रक्रियेला मन तयार नसेल, किंवा भूल देण्यापूर्वी वजन थोडे उतरवायचे असेल, तर हा पर्याय मी स्वतःही सुचवतो.