क्षारयुक्त द्रावणांसाठी आयसीपी टॉर्च: इंजेक्टर रुंद करावा का?

प्रश्न

आम्ही खनिजांचे नमुने लिथियम बोरेटमध्ये वितळवून त्यांचे विश्लेषण आयसीपी-ओईएसवर (नमुना आर्गॉनच्या तप्त प्लाझ्मात सोडून, निघणाऱ्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) करतो, त्यामुळे द्रावणातील क्षार दीड-दोन टक्क्यांपर्यंत जातात. टॉर्च म्हणजे एकात एक बसवलेल्या तीन नळ्या; त्यातील सर्वांत आतली, तुषार प्लाझ्मात सोडणारी नळी म्हणजे इंजेक्टर. त्याच्या टोकाशी पांढरा थर साचून संकेत हळूहळू उतरतो. शिवाय क्वार्ट्झची बाहेरची नळी प्लाझ्मा तापवणाऱ्या कॉइलच्या आसपास दुधाळ होते आणि काही काळाने तडकते. सध्याचा टॉर्च एकसंध आहे, इंजेक्टरचा आतील व्यास १.५ मिलिमीटर आहे आणि निरीक्षण अक्षीय (प्लाझ्माच्या लांबीच्या दिशेने) आहे. सुटा होणारा (नळ्या वेगळ्या काढता येणारा) टॉर्च घेऊन इंजेक्टर रुंद करावा, की बाहेरचा आर्गॉन वाढवावा?

प्रतिसाद १

या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. टोक तापले की तुषार तिथेच सुकतात, म्हणून आधी मधल्या नळीतला आर्गॉन थोडा वाढवून पाहा. प्लाझ्मा टोकापासून वर उचलून धरणे हेच त्याचे काम आहे. बाहेरचा आर्गॉन, जो मिनिटाला साधारण १२ ते १८ लिटर असतो आणि स्पर्शरेषेच्या दिशेने शिरून भोवऱ्यासारखा फिरत भिंत थंड ठेवतो, तो वाढवून टोकावरचा थर कमी होणार नाही.

रुंद इंजेक्टर उपयोगी आहे, पण फुकट मिळत नाही. व्यास २ मिलिमीटर केल्यास छेदाचे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक होते आणि वायूचा प्रवाह तोच ठेवल्यास झोताचा वेग त्याच प्रमाणात घटतो. तुषार प्लाझ्मात जास्त वेळ राहतात हा फायदा; मात्र झोत फारच मंदावला, तर तो मधून आरपार न जाता कडेने पसरतो आणि क्षार थेट भिंतीवर जातात.

प्रतिसाद २

दुधाळपणा धुऊन जाणार नाही. अल्कली धातूंच्या संपर्कात तापलेल्या क्वार्ट्झचे क्रिस्टोबलाइटमध्ये (सिलिकाच्या एका स्फटिकरूपात) स्फटिकीकरण होते आणि थंड होताना त्या स्फटिकाचे आकारमान एकाएकी बदलते. नळी बहुधा यंत्र बंद केल्यावर तडकते ती यामुळेच. बोटांच्या ठशांतील सोडियमही पुरेसे असते, त्यामुळे टॉर्च हातमोजे घालूनच हाताळावा. सुट्या टॉर्चचा खरा लाभ मला इथे दिसतो, कारण बाहेरची नळी सिरॅमिकची बसवता येते. टोकावरच्या थरासाठी नेब्युलायझरचा (द्रावणाचे तुषार करणाऱ्या भागाचा) आर्गॉन पाण्यातून ओलसर करून घ्यावा.

प्रतिसाद ३

मी टॉर्चआधी निरीक्षणाची दिशा बदलेन. अक्षीय निरीक्षणात प्लाझ्माच्या थंड शेपटीतला प्रकाशही मोजला जातो आणि सहज आयनीभूत होणाऱ्या लिथियमचा परिणाम तिथे अधिक जाणवतो. त्रिज्यीय (बाजूने केलेल्या) निरीक्षणात शोधमर्यादा (ओळखता येणारे किमान प्रमाण) काही पटींनी वाढते, पण खनिजातील मुख्य घटकांसाठी त्याने काही बिघडत नाही. कोणताही बदल करण्यापूर्वी आणि नंतर मॅग्नेशियमच्या २८०.२७० आणि २८५.२१३ नॅनोमीटर रेषांचे गुणोत्तर नोंदवा. ते ८ ते १० च्या वर राहिले तरच प्लाझ्मा भक्कम समजावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. एक तपशील राहिला: दुधाळ पट्टा नळीभोवती सर्वत्र नसून एकाच बाजूला आहे.

प्रतिसाद २

मग क्षारांइतकाच संशय मांडणीवर घ्या. बाहेरच्या आणि मधल्या नळीतील फट जेमतेम १ मिलिमीटर असते. नळ्या समकेंद्री नसल्या किंवा टॉर्च कॉइलमध्ये तिरका बसला, तर प्लाझ्मा एका भिंतीकडे झुकतो. हे तपासल्याशिवाय नवा टॉर्च मागवू नका. सुट्या टॉर्चमध्ये नळ्या समकेंद्री बसवणे अधिकच जिकिरीचे असते.